नातालीनबायचा अर्धा तेर्स

नातालीनबाय तेर्स म्हणायची, पण अर्धाच. संध्याकाळी कपेलातली, वाड्यावरच्या छोट्या चर्चमधली, घंटा झाली, की तिच्या घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे देव्हाऱ्यासमोर, मेणबत्ती लागायची आणि तिचा तो घोगरा, जरासा नाकातला आवाज आमच्या मागच्या दारापर्यंत यायचा, “नमान मारिये...” तेर्स म्हणजे हातातल्या माळेचा एक मणी, एक प्रार्थना. पण प्रत्येक प्रार्थना अर्ध्यावर तुटायची. मग काहीच ऐकू यायचं नाही. चुलीवरची आमटी एकदा ढवळून व्हावी एवढा वेळ सगळं गप्प. आणि पुन्हा, “नमान मारिये...”

आम्ही पेडण्याजवळच्या या वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, घर बांधून राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंच्या हे लक्षात आलं. सासूबाई सावंतवाडीकडच्या. देवाधर्माच्या बाबतीत त्यांना अर्धवट काही खपत नाही, मग तो देव कुणाचाही असो. “अगो, ह्या बायेक सांग कोणतरी,” त्या म्हणाल्या, “देवाक गाऱ्हाणा घालूचा तर पुरा घालूचा. अर्ध्या तोंडान मागलला अर्ध्या हातानच येता.” मला हसू आलं, पण कुतूहलही वाटलं. आमच्या दोन अंगणांमध्ये गडगा, म्हणजे चिऱ्यांची कंबरेएवढी भिंत आहे. दुसऱ्या दिवशी नातालीनबाय तिथे कपडे वाळत घालत होती, तेव्हा मी ओळख करून घेतली आणि फार वेळ न दवडता विचारलंच, “बाय, तूं तेर्स अर्दोच कित्याक म्हणटा?”

तिनं तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. “दुसरो अर्दो म्हज्या घोवाचो,” ती म्हणाली. “घोवाचो वांटो बायलेन खावचो?”

तेर्स दोघांनी म्हणायचा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एकानं प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा, दुसऱ्यानं उरलेला. नातालीनबाय पहिला भाग म्हणून थांबायची, तो थांबा तिच्या नवऱ्याचा, कायतानचा होता. कायतान तिच्या शेजारीच खुर्चीत बसलेला असायचा. पण त्याला बोलता येत नव्हतं.

कायतानला मी आधीपासून ओळखत होते. पेडणे–म्हापसा बसवर तो कंडक्टर होता, आणि मास्तरकीचं शिक्षण घ्यायला मी रोज त्याच बसनं जायचे. उंच, काळासावळा, गळ्यात घामानं भिजलेला रुमाल, आणि आवाज असा की बसला हॉर्नची गरज नव्हती. कुणाला उतरायचं असलं की तो दारातून “राव! राव रेऽऽ!” अशी आरोळी ठोकायचा. बस तर थांबायचीच, रस्त्यावरची गुरंसुद्धा थांबायची. आमच्याकडे वयानं मोठ्या माणसालाही ‘तूं’ म्हणतात, त्यात मान कमी होत नाही. आम्ही पोरी त्याला म्हणायचो, “कायतान, हळू ओरड रे, देव उठतलो.” तो म्हणायचा, “उठूं दी. तिकीट काडटलो ताचें.”

त्याच्या या आरोळीतला ‘राव’ हा शब्द बिगर-गोवेकरांना नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कोंकणीत राव म्हणजे थांब. आणि राव म्हणजे राहा. दोन्हीला शब्द एकच. मी मराठी शाळेत शिकवते, आणि या एका शब्दानं माझ्या लाल पेनची शाई सगळ्यात जास्त खाल्ली आहे. आमची मुलं निबंधात लिहितात, ‘पाऊस राहिला आणि आम्ही खेळायला गेलो.’ ‘बस पेडण्याला राहिली.’ मी दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून सांगते, बाळांनो, राहणं वेगळं, थांबणं वेगळं. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या निबंधात पाऊस पुन्हा राहतो.

कायतानला झटका आला तो बसमध्येच. कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे त्यानं ड्रायव्हरला “राव!” म्हणून आरोळी दिली. ड्रायव्हरनं बस थांबवली. कुणीच उतरेना. मागे वळून बघितलं तर कायतान दाराच्या दांड्याला धरून हळूहळू खाली बसत होता. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. नुसती गेली म्हणणं बरोबर नाही, एक शब्द राहिला. शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, “राव.” पाणी हवं असलं की राव, पाणी पुरे झालं की राव. मांजराला राव, डॉक्टरला राव, इंजेक्शन देणाऱ्या नर्सला तर फारच मोठ्यानं राव. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, असं होतं, सगळी भाषा जाते आणि आयुष्यभर तोंडात बसलेला एखादा शब्द मागे उरतो. त्याला अर्थ असेलच असं धरून चालू नका.

नातालीनबायनं डॉक्टरीणबाईंचं ऐकून घेतलं, त्यांना “देव बरें करूं” म्हटलं, आणि आपला अर्थ आपण लावला. ती देवाकडे एकच गोष्ट मागत होती. कायताननं एकदा तरी तिच्याशी बोलावं. लांबलचक नको, जेवणाला नावं ठेवली तरी चालेल, पण तिच्याकडे बघून, तिला उद्देशून एकदा बोलावं. हे मागणं तिनं इस्पितळाच्या बाकावर बसून सुरू केलं होतं, आणि मी शेजारी आले तेव्हा त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

“देवान म्हाका हय म्हणूंक ना,” ती मला सांगायची, देवानं होय म्हटलेलं नाही. “ना म्हणूंक ना. राव म्हणलां. आनी सांगूंक कोणाक धाडला पळय! म्हज्याच घोवाक!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसायची. हसली की तिचे डोळे पार मिटत आणि गालावर खळी पडे, साठीच्या बाईला खळी शोभते हे मी तिच्याकडे बघून मान्य केलं.

माझा स्वभाव वेगळा. मला कुकरच्या तीन शिट्यांचाही धीर नसतो. एकदा मी वैतागून म्हटलं, “बाय, तुजो देव कितलीं वर्सां राव म्हणटलो? ताका टायमटेबल बी आसा काय ना?”

“बशीक आसा मगो टायमटेबल,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणून ती वेळार येता? तरी पूण तूं रोज थांब्यार उबी रावताच न्ही?”

त्याच सकाळी बस चुकली म्हणून मी शाळेत उशिरा पोचले होते.

ती शिवणकाम करायची. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे गणवेश तिच्या मशीनवर शिवलेले. आणि तिची एक खोड होती. गणवेश कितीही मापात मागा, ती आतल्या शिवणीत चांगलं चार बोटं कापड सोडून द्यायची. आया कुरकुरायच्या की बाय, कापड वाया घालवते. “भुरगीं वाडटात, कपडो वाडना,” हे तिचं उत्तर ठरलेलं. “आतां जागो दवरलो ना जाल्यार फुडें खंयसून हाडटली?” आता जागा ठेवली नाही तर पुढे कुठून आणणार? शिवणीत असं जादा सोडलेल्या कापडाला मराठीत माया म्हणतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. पुढे कुणीही फ्रॉक शिवायला आलं की ती माझ्याकडे डोळा मिचकावून विचारायची, “टीचर, माया कितली दवरूं?”

तेर्सातली ती रिकामी जागाही तिनं याच हिशेबानं ठेवली होती. पाद्रीसुद्धा तिला म्हणाले होते, नातालीन, दोन्ही भाग तूच म्हण, देवाला चालतं. तिनं पाद्रींना ऐकवलं, “देवाक चलता पाद्री, म्हाका चलना. ताचो वांटो हांवें म्हणलो जाल्यार तो कित्याक उलयतलो? फाल्यां ताच्या तोंडांत उतर आयलें, आनी पळयता जाल्यार बायलेन सगळें म्हणून सोंपयलां!” त्याचा वाटा मीच म्हटला तर तो कशाला बोलेल? उद्या त्याच्या तोंडात शब्द आला, आणि बघतो तर बायकोनं सगळं म्हणून संपवलेलं! पाद्री हसले. मी मात्र विचारलं, “पूण तो मनांत तरी म्हणटा काय?” ती म्हणाली, “तें देवाक खबर. हांव जागो दवरतां.”

मागण्याबाबत तिला सल्ले देणारे कमी नव्हते. तिची म्हापशाची नणंद एकदा सांगून गेली की सांत आंतोनीची मूर्ती उलटी टांगून ठेव, काम होईपर्यंत सुलटी करू नको, तो बरोबर ऐकतो. नातालीनबायला तो विचारसुद्धा सहन झाला नाही. “घरांत आयल्ल्या सोयऱ्याक कोण उमथो दवरता?” ती मला म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं सांत आंतोनीपुढे मुद्दाम एक जादा फूल ठेवलं, त्याच्या कानावर काही गेलं असलं तर असू दे म्हणून.

मग मी तिला आमच्या देवळातल्या प्रसादाची गोष्ट सांगितली. आमच्या गावात अडलं-नडलं की गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली की देव होय म्हणाला, डावी पडली की नाही म्हणाला. मला वाटलं, तिला आमच्या देवाचा जरा हेवा वाटेल. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आनी खंयचीच पाकळी पडली ना जाल्यार?”

“मगीर रावचें पडटा,” मी म्हटलं. “गुरव म्हणटा, देव चिंतता.”

“मगीर तुजो देव आनी म्हजो देव एकाच इस्कोलांत शिकल्यात!” ती म्हणाली, आणि दोघी गडग्यावर हात टेकून इतक्या हसलो की सासूबाई बाहेर येऊन विचारायला लागल्या, काय झालं.

ती नेहमी अशी हसतमुखच असायची असं मात्र नाही. असं लिहिलं तर ती वरून चिमटा फेकून मारील. एका वर्षी आमच्या वाड्यावर सायबिणीची मूर्ती फिरत आली. सायबीण म्हणजे मारिया माता. मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत लोक तिला एका घरातून दुसऱ्या घरी नेतात, आणि ती प्रत्येक घरी एक दिवस वस्ती करते. आमच्या वाड्यावर क्रिस्तांवांची घरं थोडी, पण वाटेवरच्या आम्हा हिंदूंच्या अंगणातही पणत्या लागतात. नातालीनबायनं आठवडाभर घर धुतलं, बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकांना रंग दिला, कायतानला नवा पांढरा शर्ट शिवला. ती बोलली नाही, पण मला कळत होतं. सायबीण घरात येणार, आज काहीतरी होणार, असं तिनं मनात धरलं होतं.

लोक जमले. गाणं सुरू झालं. सगळे तल्लीन झालेले असताना कायतान अगदी कंडक्टरच्या आवाजात ओरडला, “राव!” गाणारे दचकून थांबले. मग मागून कुणीतरी म्हणालं, “कोण देंवता रे?” कोण उतरतंय, म्हणजे. सगळं घर हसलं. हसण्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं, त्या बसनं सगळ्यांनीच प्रवास केला होता. पण मी नातालीनबायकडे बघितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उकडलेल्या चण्यांच्या टोपापुढे जमिनीवर बसून राहिली. मी मागे गेले. ती म्हणाली, “तो म्हजीं फकाणां करता गो.” कायतानबद्दल नाही, ती देवाबद्दल बोलत होती. देव माझी थट्टा करतो.

दुसऱ्या दिवशी सायबीण पुढच्या घरी गेली. संध्याकाळी कपेलातली घंटा झाली, पण मेणबत्ती लागली नाही. मी हाक मारली तर ती अंगणात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. “आयज म्हाका देवाकडे उलोवपाचें ना,” ती म्हणाली. आज मला देवाशी बोलायचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी हिंदू बाई, मला त्या प्रार्थनेतला एक शब्द धड म्हणता येत नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना माझा हात अडखळायला लागला. सासूबाई तर चक्क म्हणाल्या, “त्या बायेक सांग गो, अर्धा तरी म्हण म्हणान.”

मग एका संध्याकाळी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कायतान एका हातानं काठी टेकत आणि एका पायानं शरीर ओढत बाल्कांवात आला. काठी धरलेल्या त्याच डाव्या हाताच्या बोटांत माळ अडकवली होती. नातालीनबाय पायरीवर बसली होती. त्यानं ती माळ तिच्या मांडीत टाकली आणि म्हणाला, “राव.” ती बराच वेळ माळेकडे बघत होती. शेवटी उठली, त्याला धरून आत नेलं, आणि थोड्या वेळानं “नमान मारिये” ऐकू आलं. आवाज बसलेला होता, पण थांबा पूर्वीइतकाच होता.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं ते अंगावर काढलं, मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी तिच्या मुलीला, मिलाग्रीनला, इंग्लंडहून बोलावून घ्यायला सांगितलं, तेव्हा आम्ही समजलो. मिलाग्रीन धावत आली. आईचं सगळं करायला लागली. नातालीनबायनं स्वतःच्या आजाराबद्दल देवाकडे काही मागितलं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “एक मागणें पयलींच दिलां मगो. ताचेर दुसरें कशें घालूं? रांग आसता.” अंथरुणावर पडून ती तेर्स म्हणायची, अर्धाच. आवाज आता गडग्याच्या या बाजूला येत नव्हता. संध्याकाळी मीच तिकडे जाऊन बसायला लागले. तेव्हा कळलं, आवाज अगदी क्षीण झाला असला तरी ती कायतानच्या वाट्याची जागा जराही कमी करत नाही. दम लागायचा, तरी पुढच्या मण्याकडे जायची घाई नसायची.

एका दुपारी मिलाग्रीन औषधं आणायला पेडण्याला गेली होती. मी पेज घेऊन गेले. कायतान पलंगाशेजारी खुर्चीत होता. नातालीनबायनं दोन चमचे पेज घेतली आणि नको म्हणून हात केला. मग तिनं मान वळवली आणि कायतानला म्हणाली, “कायतान, हांव वतां आं.”

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. बाजारात जायचं असो नाहीतर मस्कतला, ‘येतां’ म्हणायचं. नातालीनबाय पलीकडच्या दुकानावर दोरा आणायला जाताना सुद्धा आतल्या माणसाला “येतां आं” म्हणून निघायची. तिच्या तोंडून ‘वतां’, म्हणजे ‘जाते’, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि माझ्या हातातला चमचा पेजेतच राहिला.

कायताननं तिच्याकडे बघितलं. आपला डावा हात पुढे करून त्यानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, “राव.”

ती आरोळी नव्हती. आवाज हलका होता, बायकोशी घरात बोलावं तसा.

“कितें म्हणलें?” तिनं विचारलं.

“राव,” तो म्हणाला. “राव.”

नातालीनबायचे डोळे मिटले, खळी पडली. “रावतां,” ती त्याला म्हणाली. “थंय रावतां. तूं सवकास यो.” तिथे थांबते, तू सावकाश ये. मग माझ्याकडे वळून, अगदी गणवेशाचं माप सांगावं तशा साध्या सुरात म्हणाली, “आयकलें गो टीचर? म्हज्याकडे उलयलो.”

मी रडत होते, त्यामुळे हो म्हटलं की नुसती मान हलवली ते आठवत नाही. तो तोच एक शब्द होता, हजार वेळा मांजराला आणि पाण्याच्या पेल्याला म्हटलेला, हे मला कळत होतं. डॉक्टरीणबाई तिथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हेही कळत होतं. पण मी त्या खोलीत होते. त्या हातानं ते मनगट कसं धरलं होतं, ते मी बघितलं आहे. दोन दिवसांनी सकाळी ती गेली.

दफन झालं, सातव्या दिवसाची मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, पाहुणे पांगले. मिलाग्रीन काही आठवडे राहणार होती, वडिलांचं काय करायचं ते ठरवायला. एका संध्याकाळी घंटा झाली आणि ती गडग्यापाशी आली. “टीचर, मातशी येशी?” ती म्हणाली. “तेर्स सुरू केलो की पापा पिशे भशेन करता. म्हाका एकलीक भंय दिसता.” तेर्स सुरू केला की पापा वेड्यासारखं करतात, मला एकटीला भीती वाटते.

मी गेले. मेणबत्ती लावलेली होती. कायतान खुर्चीत, आणि नातालीनबायची माळ त्याच्या डाव्या मुठीत. कुणाला द्यायलाच तयार नाही, मिलाग्रीननं सांगितलं, म्हणून तिनं आपली दुसरी घेतली होती. ती तेर्स म्हणू लागली. शिकलेली, कामाची मुलगी, तिचं म्हणणं स्वच्छ आणि झरझर. “नमान मारिये” म्हणून पहिला भाग संपला, आणि श्वासही न घेता तिनं दुसरा भाग सुरू केला, “भागेवंते मारिये...”

“राव!” कायतान ओरडला.

तिनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं तो मानेनं दूर सारला. ती पुन्हा म्हणू लागली. दुसरा भाग सुरू झाला की पुन्हा, “राव! राव!” कपाळावरची शीर फुगलेली, डोळ्यांत पाणी. “पळय,” मिलाग्रीन रडवेली होऊन म्हणाली, “मामाचो उगडास येता कांय ताका.” आईची आठवण येत असेल.

आणि तेव्हा मला उमगलं. इतकी वर्षं गडग्याच्या अलीकडून कानावर पडलेला तो थांबा, मला त्याची लांबी पाठ होती.

“मिलाग्रीन,” मी म्हटलं, “तुजी आवय अर्दोच म्हणटाली. उरिल्लो ताचो वांटो.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “पूण ताका उलोवंक येना मगो, टीचर.”

“येना,” मी म्हटलं. “तरी राव.”

तिनं डोळे पुसले. “नमान मारिये” म्हटलं, पहिला भाग संपवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. कायताननं मान खाली घातली होती. तो ओरडला नाही. एक आमटी ढवळून होईल एवढा वेळ गेला, आणि त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्यानं माळेचा एक मणी हळूच पुढे सरकवला.

मिलाग्रीननं ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. माळ आजवर नातालीनबायच्या हातात असायची, म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं. तो आपला वाटा रोज म्हणत होता. तिनं जागा ठेवली होती, आणि त्या जागेत तो रोज तिला उत्तर देत होता.

मिलाग्रीननं पुढचं “नमान मारिये” म्हटलं आणि पुन्हा गप्प झाली. आमच्या घरी दिवा लावायचा होता, सासूबाई वाट बघत असतील हे मला माहीत होतं, तरी मी तिथेच राहिले. थांबले, असं लिहायला हवं खरं म्हणजे. पण राहू दे.